शून्याखाली सही

"अरे, एक विचारायचं होतं तुला. फुकटचे पैसे घ्यावेत का रे?"

२०२० सालचा एप्रिल महिना. न्यू जर्सीत सगळे आपापल्या घरात दारं लावून बसलेले. फोनवर काका होते. हे काका माझ्या नात्यातले नव्हेत. मंडळाच्या गणपतीत आरतीला सर्वांत आधी येऊन बसणारे आणि खुर्च्या आवरून झाल्यावर सर्वांत शेवटी निघणारे असे एक काका प्रत्येक गावात असतात, ते हे. सोलापूर जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत त्यांनी आयुष्य काढलं, मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले आणि मुलाने ग्रीनकार्डावर बोलावून घेतलं म्हणून काकूंसह इथे आले.

मुलाने त्यांना सांगितलं होतं, "बाबा, सरकार माणशी १,२०० डॉलर देतंय. तुमचं इथे काही उत्पन्न नाही, त्यामुळे तुम्ही कधी टॅक्स रिटर्न भरला नाहीत. आता शून्य उत्पन्नाचा रिटर्न भरून टाकू. तुम्हा दोघांचे मिळून २,४०० येतील."

"मी जन्मभर पोरांना शिकवलं, की शून्याला स्वतःची किंमत नसते," काका म्हणाले. "आणि इथे नुसत्या शून्याचे चोवीसशे डॉलर!"

मी हसलो आणि म्हणालो, "काका, भरून टाका. सगळेच भरतायत."

त्या उत्तराची मला आज लाज वाटते. पैसे घेण्यात काही वाईट होतं म्हणून नव्हे. काकांनी विचारलेला प्रश्न मी नीट ऐकलाच नव्हता म्हणून. आणि दुसरं म्हणजे त्याच आठवड्यात मी माझ्या आईसाठी तसाच एक फॉर्म भरायला घेतला होता.

ज्यांना ते दिवस आठवत नसतील त्यांच्यासाठी थोडं सांगतो. २७ मार्च २०२० रोजी अमेरिकेत केअर्स कायद्यावर सही झाली. त्यानुसार प्रौढ माणसाला १,२०० डॉलर आणि सतरा वर्षांखालच्या मुलामागे ५०० डॉलर मिळायचे होते. पुढे डिसेंबर २०२० च्या कायद्याने माणशी ६०० आणि मार्च २०२१ च्या कायद्याने माणशी १,४०० डॉलर आले. आपण सगळे त्याला 'स्टिम्युलस चेक' म्हणत होतो. कायद्याच्या भाषेत मात्र ती करातली सवलत होती, आगाऊ दिलेली. इथेच खरी गंमत आहे. ज्याला करच नाही त्याला करात सवलत कशी द्यायची? तर शून्य करातून बाराशे वजा करायचे. उरतात उणे बाराशे. ते उणे म्हणजे सरकारने तुम्हाला द्यायचे पैसे.

ही कल्पना नवी नव्हे. मिल्टन फ्रीडमन या अर्थतज्ज्ञाने १९६२ साली 'कॅपिटॅलिझम अँड फ्रीडम' या पुस्तकात 'उणे प्राप्तिकर' मांडला होता. पण करखात्यामार्फत पैसे द्यायचे, तर करखात्याला तुम्ही आहात हे ठाऊक असायला हवं. ज्यांना सोशल सिक्युरिटीचे पैसे मिळत होते त्यांची माहिती सरकारकडे होती. ज्यांची कुठेच नोंद नव्हती, त्यांनी एक साधा फॉर्म भरून "मी आहे, इथे राहतो, उत्पन्न शून्य" एवढं कळवायचं होतं. भारतातही 'निल रिटर्न' भरणारे असतातच. कुणाला कर्ज हवं असतं, कुणाला व्हिसासाठी कागद हवा असतो. काही कमावलं नाही, हे सांगायलासुद्धा कागद लागतो.

तर काकांचा प्रश्न. फुकटचे पैसे घ्यावेत का?

हा प्रश्न त्यांच्या मनात कुठून आला ते त्यांनीच सांगितलं. १९७२ च्या दुष्काळात ते विशीतले होते. शाळेत नोकरी लागायची होती. दुष्काळी कामावर मस्टर लिहायला ते जात. बायाबापड्या दिवसभर उन्हात खडी फोडायच्या, बांध घालायच्या, आणि संध्याकाळी मस्टरवर अंगठा उठवायच्या. पोरांना सुकडी मिळे. घरोघर मिलो शिजे, ती तांबडी, अमेरिकेतून आलेली ज्वारी. "म्हणजे अमेरिकेचं मी आधीही खाल्लंय," काका म्हणाले. "पण तेव्हा दगड फोडल्याशिवाय कुणाला मिळत नव्हतं. मागेल त्याला काम. काम नाही तर दाम नाही." त्याच दुष्काळातून महाराष्ट्राची रोजगार हमी योजना उभी राहिली. वि. स. पागे यांनी ती कल्पना लावून धरली आणि १९७७ मध्ये विधिमंडळाने तिचा कायदा केला. मदत घेणाऱ्याची मान ताठ राहावी, त्याला भीक घेतल्यासारखं वाटू नये, हा त्यामागचा विचार होता. त्या मस्टरवर लिहिलेला हात आता रिटर्नवर शून्य लिहिताना अडखळत होता.

अमेरिकेतही अगदी परवापर्यंत हाच विचार चालत होता. कमी उत्पन्नवाल्यांना इथे १९७५ पासून करखात्यामार्फत मदत मिळते, पण ती फक्त कमावणाऱ्याला. २००८ च्या मंदीत बुश सरकारने लोकांना पैसे वाटले. ज्याला कर लागत नाही त्यालाही निदान ३०० डॉलर मिळतील अशी सोय केली, पण अट अशी, की वर्षाला कमीत कमी ३,००० डॉलर कमाई, सोशल सिक्युरिटी किंवा माजी सैनिकांचा भत्ता दाखवता आला पाहिजे. म्हणजे २००८ मध्ये दाराला तीन हजारांचा उंबरठा होता. निव्वळ शून्यवाला बाहेरच. २०२० मध्ये तो उंबरठा काढून टाकला. इतकंच नव्हे, तर एकट्याचं उत्पन्न ७५,००० आणि जोडप्याचं १,५०,००० डॉलरच्या वर गेलं की रक्कम कमी होत जायची, आणि शून्यवाल्याला मात्र पूर्ण मिळायची.

असं का? मला वाटतं, उत्तर सोपं आहे. दुष्काळात माणसाला दगड फोडायला लावता येतात. साथीत त्याला दाराबाहेर काढता येत नाही. या वेळी सरकारनेच सांगितलं होतं, घरी बसा. ज्याला तुम्ही काम करू नको म्हणता, त्याच्याकडे कामाचा दाखला कसा मागणार? आणि आग लागल्यावर बंब येतो, तो घरमालकाने गेल्या वर्षी किती कर भरला हे विचारत नाही. मदत ही तुम्ही आजवर काय दिलंत याची परतफेड नसते. काही वेळा ती फक्त तुम्ही आहात म्हणून असते.

काकांना हे बऱ्यापैकी पटलं. फक्त एक गोष्ट खटकत होती. टपालाने येणाऱ्या चेकवर राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांचं नाव छापलं होतं. त्यांनी ते टीव्हीवर पाहिलं होतं. "हे कसं चालतं? पैसे लोकांचे ना?" म्हटलं, काका, आयजीच्या जिवावर बायजी उदार! आपल्याकडे पिशव्यांवर फोटो असतात, इथे चेकवर नाव. देणारा कुणी एक राजा नाही. लोकसभेसारखं जे इथलं काँग्रेस आहे, त्याने ठरवलेला हा नियम आहे आणि नियमात बसणाऱ्याने कुणाचे पाय धरायचे नसतात. घेण्यात लाज नाही.

एवढ्यावर विषय संपला असं मला वाटलं. खरं म्हणजे तो इथून सुरू झाला.

आता माझ्या घरातलं सांगतो. आई माझ्याकडे राहते. तिला पेन्शन नाही, भारतात ठेवी नाहीत. वडिलांच्या आजारपणात होतं नव्हतं ते गेलं. तिचं उत्पन्न खरोखरच शून्य आहे, इथेही आणि तिथेही. मी एका रात्री कॉम्प्युटरवर तिच्या नावाने फॉर्म भरायला बसलो. उत्पन्न शून्य लिहिलं. फॉर्म पुढे जाईना. शोधाशोध केल्यावर कळलं, की यंत्रणेला शून्य समजत नाही. आणि त्यावर करखात्यानेच तोडगा सांगितला होता: ज्यांचं उत्पन्न शून्य आहे आणि ज्यांना इलेक्ट्रॉनिक पद्धतीने रिटर्न पाठवायचा आहे, त्यांनी एक डॉलर व्याज मिळालं असं लिहावं!

आई शेजारी जपाची माळ घेऊन बसली होती. तिला म्हटलं, "आई, तुला एक डॉलर व्याज मिळालंय बरं का."

"कुणी दिलं?" तिने विचारलं.

"कुणीच नाही. लिहायचं असतं."

"मग खोटं का लिहितोस? शून्य आहे तर शून्य लिही."

आता आली का पंचाईत! खरं लिहिलं तर यंत्र घेत नाही, आणि यंत्राला चालावं म्हणून सरकारच सांगतंय की एवढं खोटं लिहा. मी विचार करत बसलो. तुम्ही म्हणाल, एका डॉलरवर कसला विचार? पण शाळेत आपण सगळ्यांनी धर्मराजाची गोष्ट ऐकली आहे. द्रोणाचार्यांनी शस्त्र ठेवावं म्हणून अश्वत्थामा नावाचा हत्ती मारला आणि धर्मराजाने 'अश्वत्थामा मेला' असं सांगितलं. हत्ती हा शब्द हळूच पुटपुटला. शब्द पाहिले तर धर्मराज खरंच बोलला होता. तरीही जमिनीपासून चार बोटं वर चालणारा त्याचा रथ त्या क्षणी खाली टेकला. कारण त्याने खरे शब्द वापरून समोरच्याची फसवणूक केली.

आईच्या फॉर्मवरचा एक डॉलर अगदी उलट होता. शब्द खोटा, पण त्याने कुणाचीच फसवणूक होत नव्हती. ज्याला सांगायचं त्यानेच सांगितलं होतं, की एक लिहा, आम्ही शून्य समजू. ती एक खूण होती, दोघांनी आधी ठरवलेली. मला वाटलं, चला, सुटला प्रश्न. सत्य हे आकड्यात नसतं, समोरच्याला आपण काय समजू देतो यात असतं.

मोठा शोध लागल्याच्या आनंदात मी झोपलो. दुसऱ्या दिवशी काकांचा पुन्हा फोन आला.

काकांनी मुलाकडून फॉर्म छापून घेतला होता आणि शिक्षकाच्या सवयीने तो पहिल्या ओळीपासून वाचला होता. "अरे, सहीच्या वर काय लिहिलंय पाहिलंस का? खोटी साक्ष दिल्यास शिक्षा होईल हे समजून मी सांगतो, की हे माझ्या माहितीप्रमाणे खरं, अचूक आणि संपूर्ण आहे. संपूर्ण म्हणजे सोलापूरची पेन्शनसुद्धा आली का रे?"

मी गप्प झालो. काकांना महिना चाळीसेक हजार रुपये पेन्शन होती. शिवाय ठेवींचं व्याज. ग्रीनकार्ड असलेल्या माणसाचं जगात कुठेही मिळालेलं उत्पन्न अमेरिकेच्या रिटर्नमध्ये धरावं लागतं. (परदेशी खात्यांतली एकूण शिल्लक वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली असेल, तर तीही वेगळी कळवावी लागते.) आपल्यापैकी कितीतरी घरांत हे कुणाच्या डोक्यातही नसतं. "आईबाबांचं उत्पन्न शून्य" हे आपण अगदी सहज म्हणतो. इथे शून्य, या अर्थाने. भारतातला हत्ती हळूच पुटपुटायचा.

"मी दुष्काळात मस्टर लिहिलंय," काका म्हणाले. "मेलेल्या माणसांची नावं मस्टरवर घालून पैसे उचलणारे मी पाहिलेत. मी कधी एक नाव खोटं लिहिलं नाही. आता सत्तरीत स्वतःचंच नाव खोटं कसं लिहू?"

मी त्यांच्याबरोबर फोनवर फॉर्म पुन्हा वरपासून वाचू लागलो. अगदी वरच्या भागात, नाव-पत्त्याच्या खाली, एक छोटी चौकट आहे. तिथे विचारलंय, की दुसरं कुणी तुम्हाला अवलंबित म्हणून दाखवू शकतं का? काका मराठीचे मास्तर. त्यांनी लगेच पकडलं. "'दाखवतं का' असं नाही विचारलेलं. 'दाखवू शकतं का' असं विचारलंय."

तिथे माझ्या पोटात गोळा आला.

ज्याला दुसरा कुणी अवलंबित म्हणून दाखवू शकतो, त्याला ही मदत स्वतःच्या नावाने मिळत नव्हती. मुलाने दाखवलं की नाही, हा प्रश्नच नाही. दाखवू शकत असला की झालं. आणि दाखवू कधी शकतो? आईवडिलांचं उत्पन्न ठरावीक मर्यादेच्या आत असेल, २०२० सालासाठी ही मर्यादा ४,३०० डॉलर होती, आणि त्यांचा निम्म्याहून अधिक खर्च, म्हणजे राहणं, जेवणखाण, औषधपाणी, मुलगा करत असेल तेव्हा.

आता काकांचा हिशोब पाहा. त्यांची पेन्शन वर्षाला साडेसहा हजार डॉलरच्या आसपास होते. म्हणजे मर्यादेच्या वर. खरं उत्पन्न लिहिलं तर ते मुलाचे अवलंबित ठरतच नाहीत. स्वतंत्र माणूस म्हणून काकू आणि ते एकत्र रिटर्न भरू शकतात. एवढ्या उत्पन्नावर त्या जोडप्याला इथे करही लागत नाही, आणि बाराशे अधिक बाराशे त्यांना रीतसर मिळतात. उलट मुलाच्या म्हणण्याप्रमाणे शून्य लिहिलं असतं, तर त्या शून्यावर विश्वास ठेवणाऱ्या कायद्याने त्यांना मुलाचे अवलंबित धरलं असतं आणि मदत नाकारली असती. ज्या खोट्याने पैसे मिळतील असं वाटत होतं त्या खोट्याची गरजच नव्हती!

काकांना हे सांगितलं तेव्हा ते खो खो हसले. म्हणाले, "बघ, म्हणजे शून्याच्या आधी आकडा लागतोच!" त्यांनी पेन्शन आणि व्याज लिहून रिटर्न भरला. काही आठवड्यांनी काकूंचा फोन आला. चेकवर काकांच्या नावाबरोबर त्यांचंही नाव होतं. जन्मभर घर सांभाळलेल्या, कधी पगार न घेतलेल्या त्या बाईने आयुष्यात पहिल्यांदा सरकारी चेकवर स्वतःचं नाव पाहिलं होतं. निम्मे पैसे तिचे होते. "यांना सांगितलंय मी, माझे बाराशे मी ठरवणार," असं त्या म्हणाल्या. त्यांनी त्यातून काय घेतलं ते मी विचारलं नाही.

काकांची गोष्ट इथे संपली असती तर हा लेख लिहायचं कारण नव्हतं. खरेपणाला फळ मिळालं, छान झालं, असं म्हणून आपण पुढच्या पानावर गेलो असतो. पण खरेपणाला नेहमी चेक येत नाही.

माझ्या आईचं शून्य खरं होतं. आणि म्हणूनच तिला काही मिळणार नव्हतं. तिचा सगळा खर्च मी करतो. मी तिला अवलंबित म्हणून दाखवू शकतो. शकतो कसला, दर वर्षी दाखवतोच, आणि त्याबद्दल माझ्या करात ५०० डॉलरची सूटही घेतो. त्या एप्रिलमध्ये मी गुपचूप काय ठरवलं होतं ते सांगतो. त्या वर्षी रिटर्नची मुदत १५ जुलैपर्यंत वाढवली होती. माझा भरायचा होता. मी माझ्या रिटर्नवर आईचं नाव घालणार नव्हतो. पाचशे सोडायचे, तिच्या नावाने बाराशे घ्यायचे. निव्वळ फायदा सातशे डॉलर. तिच्या फॉर्मवरची ती चौकट मी कोरी सोडली होती. वाचली नव्हती असं म्हणवत नाही. वाचली होती, आणि 'शकतो' या शब्दावरून नजर सरकवली होती.

एक डॉलरचं खोटं लिहावं की नाही यावर अर्धी रात्र घालवणारा मी, धर्मराजाच्या रथाची उंची मोजणारा मी, त्याच फॉर्मवर चार इंच वर एक खरंखुरं असत्य ठेवून बसलो होतो. सातशे डॉलरसाठी आई माझ्या घरातली नाही असं सरकारला सांगायला निघालो होतो. लहान प्रश्नांवर काथ्याकूट करायला आपल्याला आवडतं. त्या आवाजात मोठा प्रश्न ऐकू येत नाही.

मी तो फॉर्म पाठवला नाही. आईचे बाराशे गेले, पुढचे सहाशेही गेले. तिसऱ्या वेळी, मार्च २०२१ मध्ये, कायदा थोडा शहाणा झाला. कोणत्याही वयाच्या अवलंबितासाठी १,४०० डॉलर मिळतील असं ठरलं. पण ते ज्याच्यावर अवलंबित त्याच्या रिटर्नवर, त्याचं उत्पन्न मर्यादेत असेल तरच. आम्हा नवराबायकोचं नव्हतं. तिसऱ्यांदाही काही आलं नाही.

हा कायदा न्याय्य होता का? मला नाही वाटत. पहिल्या दोन वेळी मुलाकडे राहणारी आई, कॉलेजात शिकणारी मोठी मुलं, सांभाळलं जाणारं अपंग भावंडं, अशी सगळी प्रौढ माणसं गाळली गेली होती. त्यांच्या वाटची मदत ना त्यांना मिळाली ना सांभाळणाऱ्याला. पण कायदा अन्याय्य आहे म्हणून मी माझ्यापुरता तो खोट्या सहीने दुरुस्त करायचा, हे काही खरं नव्हे. तसं करणारा प्रत्येक जण स्वतःला अन्यायच दुरुस्त करतोय असं समजतो. मस्टरवर खोटी नावं घालणारा मुकादमही घरी असंच काहीतरी सांगत असेल.

इथे उलटी बाजूही सांगायला हवी. सप्टेंबर २०२० मध्ये करखात्याने सुमारे ९० लाख लोकांना पत्रं पाठवली होती, की तुम्हाला मदत मिळू शकते, तुम्ही मागितली नाही. त्यातले कितीतरी जण खऱ्या शून्याचे असतील. कुणाला फॉर्म कळला नसेल, कुणाला करखात्याची भीती वाटली असेल, कुणाला ग्रीनकार्डावर डाग पडेल असं वाटलं असेल, आणि कुणाला, काकांसारखंच, हात पसरल्यासारखं वाटलं असेल. मागे राहिलेले पैसे मागायची शेवटची मुदत पहिल्या दोन रकमांसाठी १७ मे २०२४ आणि तिसरीसाठी १५ एप्रिल २०२५ होती. ती दारं आता बंद झाली. खोटं शून्य लिहून घेणारा जितका चुकला, तितकंच खरं शून्य लिहायची लाज वाटून उपाशी राहणाऱ्याचंही नुकसान झालं. आणि त्या लाजेत आपल्यासारख्या खात्यापित्या माणसांच्या टोमण्यांचा वाटा आहे.

टोमणे म्हणजे कसले? २०२४ साली महाराष्ट्रात लाडकी बहीण योजना आली. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असलेल्या बायकांना महिना १,५०० रुपये. पुढे छाननीत सरकारी नोकरीतल्या बायकांचीही नावं निघाली. आमच्याकडे एका पॉटलकला ही बातमी निघाली आणि श्रीखंड वाढता वाढता सगळे म्हणाले, काय हा फुकटेपणा, लोकांना सवयच लागली आहे. मी मान डोलावणार होतो, तेवढ्यात मला माझी कोरी चौकट आठवली. त्या टेबलाभोवती बसलेल्यांपैकी किती घरांत २०२० मध्ये 'आईबाबांचं उत्पन्न शून्य' झालं होतं, हे मी विचारलं नाही. विचारायचा अधिकारही मला नव्हता.

त्याच वेळी मला एक विद्यार्थी आठवला. मंडळाच्या ढोलपथकात यायचा. नव्याने आलेल्या विद्यार्थ्यांनी वेगळा, अनिवासींचा फॉर्म भरायचा असतो. याने चुकून नेहमीचा भरला होता, त्यामुळे नियमात न बसताही त्याला बाराशेचा चेक आला. कॅम्पसवरचं काम बंद, खिशात पैसे नाहीत. तरी त्याने चेकच्या मागे 'रद्द' असं इंग्रजीत लिहून तो परत पाठवला. मी म्हटलं, अरे, मेलेल्या माणसांनाही चेक गेलेत. आणि ते खरंच होतं. पहिल्या महिन्याभरात जवळजवळ ११ लाख चेक मृतांच्या नावाने गेले होते, सरकारी हिशेबतपासनीसांनीच तसा अहवाल दिला. तो म्हणाला, "दादा, ते मेलेत. मला सही करता येते ना अजून." त्याला भाड्यासाठी आम्ही चारपाच घरांनी मिळून मदत केली. ती त्याने घेतली, सरळ, न लाजता. परत करायचा चेक आणि घ्यायची मदत, यांतला फरक त्याला कळत होता.

आईला मी ही सगळी हकिकत बऱ्याच दिवसांनी सांगितली. फॉर्म का पाठवला नाही, तेही. तिला पैशांचं काही वाटलं नाही. फक्त त्या चौकटीतला शब्द तिने पुन्हा विचारला.

"अवलंबित म्हणजे?"

"म्हणजे तू माझ्यावर अवलंबून आहेस, असं."

ती काही बोलली नाही. धाकट्याचा डबा भरत होती. आमची दोन्ही मुलं तिच्या अंगाखांद्यावर वाढली. पाळणाघराचा एक डॉलर आम्ही कधी दिला नाही. लॉकडाऊनमध्ये आम्ही दोघं वरच्या खोल्यांत मीटिंगांत अडकलेले, तेव्हा खाली पोरांची शाळा, जेवणं, भांडणं सगळं तीच बघत होती. त्या कामाचा आकडा कुठल्याच रिटर्नमध्ये येत नाही. म्हणून ते शून्य.

दर वर्षी मार्च-एप्रिलमध्ये मी तिचं नाव माझ्या फॉर्मवर घालतो, पाचशे डॉलरची सूट घेतो आणि खाली सही करतो, की हे खरं, अचूक आणि संपूर्ण आहे. खरं आहे आणि अचूकही आहे. 'संपूर्ण' शब्दापाशी पेन जरा थांबतो.